हिरवा चौकोन

क्वांग यिंगचुनची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चांगशातल्या आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात मोठा मायक्रोस्कोप आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते. कोणी कधी बसायचं, लेझर किती तापू द्यायचा, भिंगावर तेल सांडलं तर कोणी पुसायचं, हे सगळं मी ठरवते. पोरं मला तोंडावर फंगबाई म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची तरी पाळी होती आणि ही मुलगी पेशींच्या बश्या डब्यात घालून दारात येऊन उभी राहिली. बुटकी, रुंद चेहऱ्याची, केस स्वतःच कात्रीनं कापलेले असावेत असे.

"तुझी वेळ उद्या आहे," मी म्हटलं.

"उद्यापर्यंत या मरतील."

"मग नव्या वाढव. वेळापत्रक सगळ्यांना सारखं."

"बाई, तुमच्या पोराला भूक लागली तर तुम्ही त्याला वेळापत्रक दाखवता का?"

"मला पोर नाही."

"मग मला पोर समजा," ती म्हणाली आणि डबा घट्ट धरून तिथंच पायरीवर बसली.

आतला मुलगा शेवया खायला बाहेर पडला तेवढ्यात मी तिला आत घेतलं. नाहीतर ती हलली नसती. नंतरची कित्येक वर्षं मी तिचा हा हट्ट जवळून पाहिला.

ती ओयांग सरांकडे पीएचडी करत होती. सरांचा सगळा गट एकाच कामामागे होता. आपल्या शरीरातल्या पेशी काही वायू स्वतःच तयार करतात, अगदी थोडे, आणि त्या वायूंच्या मार्फत एकमेकींना निरोप देतात: रक्तवाहिनी सैल सोड, सूज कमी कर, असलं काही. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड. तोच तो सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. पण पेशीच्या आत तो इतका कमी असतो आणि इतक्या लवकर नाहीसा होतो की तो कुठे आहे, किती आहे, काही दिसत नाही. म्हणून ही पोरं चमकणाऱ्या रंगाचे रेणू बनवतात. रंगाला एक कुलूप घातलेलं असतं, त्यामुळे तो चमकत नाही, गप्प बसतो. वायू आला की कुलूप तुटतं, लेझरच्या उजेडात रंग चमकतो आणि मायक्रोस्कोपखाली पेशी उजळलेली दिसते. अशा रेणूला ते प्रोब म्हणतात.

सरांच्या गटातला लेइ हाओ म्हणून एक मुलगा होता, यिंगचुनपेक्षा एक वर्षानं मागे, म्हणून तिला ताई म्हणायचा. तो म्हणे, "ताई, चांगशात या वायूवर संशोधन करणं म्हणजे गंमतच आहे. फाटकाबाहेर आंबलेला टोफू तळणारी म्हातारी आहे ना, तिच्या कढईपुढे आपली प्रयोगशाळा सुगंधी वाटते. बाटली फुटली तरी कुणाला कळणार नाही."

सगळे हसायचे. यिंगचुन हसायची नाही. त्या वायूवर विनोद करायला तिला जमायचं नाही, आणि त्याचं कारण मला तिनं एका दुपारी, लेझर थंड होईपर्यंत बसलो होतो तेव्हा सांगितलं.

तिचं गाव तोंगथिंग सरोवराच्या काठी. तिकडे मोहरीचा पाला मीठ लावून जमिनीतल्या मोठ्या हौदांत मुरवतात. तिचे वडील आणि धाकटा काका दोघं हौदावर कामाला होते. एका उन्हाळ्यात हौदाच्या तळाशी जुनं खारं पाणी राहिलं होतं ते उपसायला काका खाली उतरला आणि उतरता उतरताच पडला. वडील त्याच्यामागे उतरायला लागले. शेजारच्या बाईनं आरडाओरडा करून त्यांच्या कमरेला दोर बांधायला लावला, म्हणून ते वर आले. काका आला तो मेलेलाच. तळाशी हाच वायू साठला होता. यिंगचुन तेव्हा शाळेत शिकत होती. हौदाच्या कडेला उभी राहून तिनं हे सगळं पाहिलं होतं. त्या दिवसानंतर तिच्या वडिलांचं नाक गेलं. मिरची जळली तरी त्यांना कळत नाही.

"मग तू याच कामात कशाला आलीस?" मी विचारलं.

"सरांनी पहिल्या वर्षी आम्हांला व्याख्यान दिलं," ती म्हणाली. "म्हणाले, हा वायू आपलं शरीर स्वतः तयार करतं आणि त्याच्यावाचून चालत नाही. मी उभी राहिले. म्हटलं, सर, ज्यानं माझा काका मारला तो माझ्या अंगात काय करतो? वर्गात सगळे वळून बघायला लागले. सर म्हणाले, तेच तर आम्हांला धड माहीत नाही, कारण तो दिसत नाही. झालं. मी ठरवलं, तो बघायचा."

तिनं प्रोब बनवला. त्यात तिची तीन वर्षं गेली. कधी रंग पाण्यात विरघळत नसे, कधी पेशीच्या आत शिरत नसे, कधी आत शिरून पेशीलाच मारून टाकी. शेवटी एक जमला. कुलूप म्हणून तीन नायट्रोजनची एक साखळी होती. या क्षेत्रात ती पुष्कळ जण वापरतात. परीक्षानळीत वायू सोडला की द्रावण हिरवं चमकायचं. आणि पेशींत? माझ्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं. आधी काळोख, मग वायू दिल्यावर एकेक पेशी हिरवी होत जायची, मधला केंद्रकाचा गोळा तेवढा काळा. ओयांग सर खाली आले, पडद्यासमोर उभे राहिले, नेहमी खिशात असणाऱ्या सूर्यफुलाच्या बिया सोलायलाही विसरले.

"सुंदर," ते म्हणाले. "लिहायला घे."

पेपर लिहून झाला, पाठवला, परीक्षकांची मतं चांगली आली. एकानं किरकोळ मागणी केली होती: जवळून घेतलेली चित्रं छान आहेत, सोबत जरा लांबून घेतलेलं, पुष्कळ पेशी एकदम दिसतील असं एक चित्र जोडा.

"एवढंच?" लेइ हाओ म्हणाला. "ताई, आज संध्याकाळी जेवण तुझ्याकडे लागू. तिखट मासा. डोक्यासकट."

ती सकाळी माझ्याकडे आली. बशी ठेवली, वायू दिला, नेहमीसारखी जवळून चित्रं घेतली. मग तिनं क्षेत्र मोठं केलं, आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो.

पडद्याच्या बरोबर मध्ये एक हिरवा चौकोन होता. चौकोनाच्या आतल्या पेशी लखलखीत. बाहेरच्या अंधुक. कड तर अशी सरळ, की कुणी पट्टी लावून आखावी.

"पेशी अशा चौकोनात राहत नाहीत," ती हळूच म्हणाली.

मला कळलं होतं. चौकोन म्हणजे ती मघाशी जवळून बघत होती नेमकी तेवढीच जागा. तेवढ्याच जागेवर आमचा जांभळा लेझर फिरला होता. वायू तर सगळ्या बशीत सारखा होता.

तिनं दुसरी बशी घेतली. हिला वायू दिलाच नाही. जवळून लेझर फिरवला, पुन्हा फिरवला, पुन्हा. मग लांबून बघितलं. पुन्हा चौकोन. तिसऱ्या बशीत तर पेशीच नव्हत्या, नुसतं मिठाचं पाणी आणि तिचा प्रोब. त्यातसुद्धा लेझर फिरेल तिथे हिरवा उजेड वाढत गेला.

"बाई," ती म्हणाली, "माझं कुलूप वायूनं उघडतं हे खरं. पण ते उजेडानंही उघडतं. आपण बघतो म्हणून ते उघडतं."

मग तिला सगळंच उमगत गेलं. वायू दिलेल्या बशीचं चित्र ती थोड्या थोड्या वेळानं घेत असे, म्हणजे तिच्यावर लेझर पुन्हा पुन्हा पडायचा. वायू न दिलेल्या बशीचं मात्र एकच चित्र घ्यायची. फरक दिसला तो बराचसा लेझरचा. ती खुर्चीवरून उठली, भिंतीला कपाळ टेकवून थोडा वेळ उभी राहिली. मी तिला गरम पाणी दिलं. ते तिनं हातात तसंच धरून ठेवलं.

लेइ हाओ तिला मासा खायला न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला पडदा दाखवला. त्यानं शिटी वाजवली.

"असं कर ना, आधी लांबून चित्र घे, मग जवळून. चौकोन दिसणारच नाही. त्यांनी चित्र मागितलंय, चौकोन नाही मागितला."

"आणि जो दुसरा कुणी हा प्रोब वापरेल त्याला?"

"तो वापरेल तेव्हा बघेल. ताई, वेडी होऊ नकोस. तुझं पाचवं वर्ष आहे."

"मला माहीत आहे कितवं आहे ते," ती म्हणाली. "मासा तुम्ही खा. मी सरांकडे जाते."

सरांकडे काय झालं ते मला नंतर दोघांकडूनही कळलं. सरांनी आधी मधला मार्ग सुचवला: उजेड कमी ठेवा अशी सूचना पेपरात घालू. तिनं तेही करून बघितलं होतं. कुलूप तुटणार नाही इतका उजेड कमी केला, तर पेशीत काहीच दिसत नव्हतं. सर कितीतरी वेळ थर्मासचं झाकण फिरवत बसले. ते वाईट माणूस नव्हेत. पण त्यांचाही गट होता, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं, आणि हा त्या वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा पेपर होता.

"मागे घेतला तर तुझी पदवी लांबेल," ते म्हणाले. "किती लांबेल मी सांगू शकत नाही."

"सर, पदवी मला हवीच आहे. मी ती घेतल्याशिवाय इथून जाणार नाही. पण मला तो वायू बघायचा होता, आणि मी बघितला तो तुमचा लेझर."

सरांनी पेपर मागे घेतला. पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं.

त्यानंतरचा काळ वाईट गेला. तिच्या बरोबरची मुलं पदवीच्या टोप्या घालून फोटो काढून निघून गेली. तिनं नवं कुलूप शोधायला घेतलं, उजेडानं न तुटणारं. तशी मिळाली, पण ती दुसऱ्याच कारणानं फसली. पेशीत गंधकाचे इतरही रेणू असतात, वायूपेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही कुलूप उघडत. म्हणजे प्रोब पेशीत टाकला की वायू असो नसो, सगळंच हिरवं.

लेइ हाओही तिच्याशी बोलेनासा झाला. कारण त्यानं स्वतःच्या प्रोबसाठी तेच जुनं कुलूप वापरलं होतं. ती त्याच्याबद्दल कुणाकडे तक्रार घेऊन गेली नाही; फक्त एकदा माझ्या खोलीत त्याला म्हणाली, "तुझी बशी मायक्रोस्कोपखाली असेपर्यंत एकदा लांबून बघ."

"तुझ्या चौकोनात मला कशाला ओढतेस?" तो ओरडला. "मला शेंचेनमध्ये नोकरी लागलीय. ते माझी वाट बघणार नाहीत."

"मी ओढत नाही. तू बघ आणि तू ठरव."

तो तणतणत गेला. पण पुढच्या आठवड्यात, ती नसताना, तो आला आणि मला म्हणाला, "बाई, जरा लांबून दाखवा." बघितलं. चौकोन होताच, पुसट, पण होता. तो बराच वेळ तोंडावर हात ठेवून बसला. मग त्यानं प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकलं, बाकीच्या कामावर पदवी घेतली आणि शेंचेनला गेला. जाताना तिला भेटला नाही. दोन वर्षांनी त्यानं तिला कुरिअरनं मिरचीची मोठी बरणी पाठवली, चिठ्ठीशिवाय. तिनं ती गटातल्या सगळ्यांना वाटली आणि त्याला फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

तिच्या वडिलांचा फोन ती माझ्यासमोरच घ्यायची, कारण तळघरात एका ठरावीक कोपऱ्यातच आवाज नीट यायचा. ते मोठ्यानं बोलत.

"तुझा दिवा लागला का?"

"लागला होता, बाबा. नको तेव्हा लागला."

"म्हणजे वायरिंगमध्ये घोळ आहे."

"तसंच काहीतरी."

"इथे तालुक्याच्या शाळेत रसायनाची जागा निघालीय. हेडमास्तर विचारत होते. शाळेत खोली देतात, जेवण देतात. तुझी आई म्हणते..."

"आई काय म्हणते ते मला माहीत आहे. बाबा, मी येणार नाही."

 मग ते म्हणाले, "हेडमास्तरला काय सांगू?"

"सांगा, मुलगी हट्टी आहे."

"ते त्याला माहीत आहे," ते म्हणाले. "त्यानंच तुला शिकवलंय."

फोन ठेवून ती तोंड धुऊन आली आणि पुन्हा बशीसमोर बसली. तिचे डोळे लाल होते. मी लेझर चालू केला.

शेवटी तिनं धरलेली कल्पना तिची स्वतःची नव्हती. ती कुणालाही खरं तेच सांगायची. आधी दुसऱ्यांनी ती वापरली होती. हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूला जणू दोन हात आहेत. तो दोनदा पकडू शकतो. पेशीतल्या इतर गंधकवाल्यांना एकच. मग कुलूपच असं करायचं की ते दोन हातांनीच उघडेल. अडचण अशी की एकहाती मंडळीही येऊन कुलपाला लटकून बसायची, आणि वायू येईपर्यंत सगळी कुलपं अडलेली असायची. यिंगचुननं स्वतःचं डोकं घातलं ते इथं. तिनं कुलपाची कडी अशी बदलली की एकहाती रेणू धरेल, पण त्याची पकड टिकणार नाही; तो सुटून जाईल आणि कडी पुन्हा मोकळी होईल. सांगायला सोपं आहे. करताना तिनं इतके रेणू बनवले आणि फेकले की गटातली नवी मुलं तिच्या कचऱ्याच्या पिंपाला 'ताईचं स्मशान' म्हणायला लागली.

"आजचा कुठला?" मी तिला विचारायचे.

"आजचा मेला. उद्याचा बघू."

आणि प्रत्येक नव्या प्रोबची पहिली परीक्षा ती एकच घ्यायची. वायू नाही, काही नाही. नुसता लेझर फिरवायचा आणि लांबून बघायचं. चौकोन दिसला की तो तिथंच संपला.

एका हिवाळ्यात, आमच्याकडची ती हाडांत शिरणारी ओली थंडी, तळघरात हीटर नाही, ती अंगावर रजईचा कोट घालून आली. बशीत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी होत्या. लेझर फिरवून झाला, लांबून बघितलं: सपाट काळोख. चौकोन नाही. या वेळी तिनं बाहेरून वायू दिलाच नाही. पेशी ज्यापासून तो वायू बनवतात ते अन्न तेवढं घातलं. आणि शेजारच्या बशीत तेच अन्न, पण पेशीतलं वायू बनवणारं यंत्र बंद पाडणारं औषध आधीच टाकलेलं.

आम्ही वाट बघत बसलो. मी तिला भाजलेलं रताळं दिलं. ते तिनं सालीसकट खाल्लं, लक्षच नव्हतं.

मग पहिल्या बशीत उजेड यायला लागला. भडक नाही. अगदी मंद, पेशीच्या एका कडेला जास्त, दुसऱ्या कडेला कमी. बाजूच्या बशीत काळोखच राहिला. तिनं बश्यांची जागा बदलली. पुन्हा तेच. माझ्याकडून बश्यांवरच्या खुणा चिकटपट्टीनं झाकून घेतल्या, कुठली बशी कोणती ते स्वतःला कळू न देता बघितलं. पुन्हा तेच.

"बाई," ती म्हणाली, "हा त्यांचा स्वतःचा आहे. कुणी दिलेला नाही."

मग ती रडली. मोठ्यानं, लहान मुलासारखी, रजईच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून. मी तिला थोपटलं नाही, कारण माझे हात तेलाचे होते आणि खरं सांगायचं तर मीही रडत होते.

सरांना बोलवायला तिनं दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली, नव्या पेशींवर सगळं पुन्हा करून झाल्यावरच बोलावलं. सर आले, बघितलं, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लांबून कसं दिसतं?"

तिनं क्षेत्र मोठं केलं. पडदाभर पेशी, सगळीकडे सारख्याच उजळलेल्या, कडेपर्यंत. सर मान हलवत राहिले. "लिही," ते म्हणाले. "आणि ही नुसत्या उजेडाची परीक्षा पहिल्या चित्रात घाल. मागे नको, पहिल्या."

पेपर मोठ्या गाजावाजाच्या ठिकाणी आला नाही. मधल्या दर्जाच्या एका नियतकालिकात आला. पदवी तिच्या बरोबरच्यांपेक्षा बरीच उशिरा मिळाली. तोंडी परीक्षेत एका वयस्कर परीक्षकानं विचारलं, की इतकी वर्षं लागली त्याचं काय. तिनं पहिल्या प्रोबचं तेच चौकोनाचं चित्र पडद्यावर लावलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. तो माणूस म्हणाला, "आमच्याही गटात हे कुलूप आहे." आणि चष्मा काढून पुसत बसला.

आता ती हंगयांगला एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. वूहानमधल्या एका गटानं तिच्याकडे प्रोबची पूड मागितली, मग श्यामनच्या एकानं. ती प्रत्येक कुपीसोबत काय काय करून बघायचं ते फोन करून सांगते, कुणी विचारलं नाही तरी. तिच्या नव्या ठिकाणी मायक्रोस्कोप मूत्रपिंडवाल्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे आणि ते तिला वेळ देत नव्हते. परवा तिचा फोन आला.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"दारात जाऊन बसले. ते म्हणाले, तुमचं काय काम. मी म्हटलं, तुमच्या मूत्रपिंडाच्या पेशीही हा वायू बनवतात, तुम्ही कधी बघितलाय का?"

"आणि?"

"त्यांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, मग बघायचाय का? गुरुवारी त्यांच्या पेशी घेऊन बसणार आहोत. बाई, मूत्रपिंडात तो नक्की कुठल्या भागात जास्त आहे ते अजून कुणालाच धड माहीत नाही. फोन ठेवते, बश्या धुवायच्या आहेत."